अप्पांचे पडलेले पिक्चर

अप्पा गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी नांदेडमध्ये एका हेडमास्तरांच्या सेवानिवृत्तीच्या समारंभात माईक धरून उभा होतो. खिशात फोन थरथरला, मी तो काढला, अप्पांच्या मुलानं उदगीरहून पाठवलेल्या दोन ओळी वाचल्या, आणि... सुरू केलेला किस्सा पुरा केला. सभागृह पोट धरून हसलं. सहा आठवडे झाले, तो हशा अजून कानातून गेलेला नाही.

शिवराजअप्पा उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत चालवत. तूर, हरभरा, सोयाबीन. दाणा दाताखाली धरून ओल सांगणारा माणूस. छंद म्हणाल तर एकच, पडलेले पिक्चर. लातूरच्या टॉकीजमधून जो तीन दिवसांत उतरला, जो दुपारच्या खेळाला चौघांनी पाहिला, ज्याचं पोस्टरही नांदेडपर्यंत पोचलं नाही, तो अप्पांना हवा. कुठून कुठून मिळवत, आणि रविवारी मोंढा बंद असला की आडतीच्या गोदामात पांढरी चादर ताणून फुकट दाखवत. बसायला पोती, टेकायलाही पोती. "माल चोख हाय मास्तर, नुसता गिऱ्हाइकापर्यंत पोचला न्हाई," हे त्यांचं म्हणणं. तो पोचवायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं. मी लातूरला शाळेत मराठी शिकवतो आणि कुणी बोलावलं तर बारशापासून तेराव्यापर्यंत कुठेही बोलतो. खेळाआधी मी दोन शब्द बोलायचे, असं ठरलं.

माझे दोन शब्द म्हणजे पाऊण तास. मी पोत्यावर चढायचो, आवाज बदलायचो, नायिका व्हायचो, लगेच तिची सासू व्हायचो. लोक खूश. मग चहा यायचा, आणि चहा पिऊन निम्मी माणसं उठायची. "गोष्ट तर समजली की सर, आता अजून काय बघायचं," असं एक किराणा दुकानदार हात जोडून मला सांगून गेला. मला ती दाद वाटली. ज्या पिक्चरला मुळातच माणसं नव्हती, त्याची उरलीसुरली मीच हाकलत होतो, आणि वर शाल-नारळ घेत होतो.

आता सगळंच सांगतो. त्यातला एकही पिक्चर मी पाहिलेला नव्हता. अप्पा आठवडाभर आधी एसटीच्या कंडक्टरकडे पेनड्राइव्ह द्यायचे. मी तो टेबलाच्या खणात टाकायचो, शनिवारी फोन लावायचो आणि म्हणायचो, "अप्पा, काय पिक्चर आहे!" एवढ्यावर ते अर्धा तास बोलायचे. तेच मी दुसऱ्या दिवशी मीठमसाला लावून, त्यांच्याच गोदामात, त्यांनाच ऐकवायचो. खेळ सुरू झाला की आपण कौतुक करणाऱ्यांबरोबर बाहेर टपरीवर. दाण्यातली ओल ओळखणाऱ्या माणसाला हे कळत नसेल, असं मला चार वर्षं वाटत राहिलं.

एक पिक्चर मात्र ते पुन्हा पुन्हा पाठवायचे. बिलोलीकडच्या एका गावात नवख्या पोरांनी केलेला. एक बाई माहेरी जायला निघते आणि फाट्यावर एसटीची वाट बघत बसते, एवढंच.

"बघितला का मास्तर?"

"पाहिला की अप्पा. रडलो."

"बरं," म्हणायचे. महिन्याभरानं पुन्हा, "निवांत एकदा बघा."

दिवाळीनंतर ते लातूरच्या दवाखान्यात होते, तिथे भेटायला गेलो. नाकात नळी, आवाज खोल गेलेला. म्हणाले, "मास्तर, त्या फाट्यावरच्या बाईचा शेवट... तुम्हाला काय वाटलं?"

कबूल करायला तो एक क्षण पुरला असता. पण शेजारच्या खाटेवरची माणसं कान देऊन होती, आणि समोर प्रेक्षक दिसले की माझं मन माझं राहत नाही. मी सुरू झालो. एसटी आली, बाई चढली, माहेरचं दार उघडलं, म्हातारा बाप काठी टाकून धावत आला... शेजारच्या मावशींनी डोळ्याला पदर लावला. अप्पा डोळे मिटून ऐकत होते.

"असा असता तर चालला असता पिक्चर," ते म्हणाले. "जरा पडतो आता."

मी खुशीत जिना उतरलो. ती आमची शेवटची भेट.

त्या दिवशी नांदेडहून उदगीरला पोचलो, तेव्हा त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवलेलं होतं. कपाळभर विभूती, आणि पिक्चर बघताना बसायचे तसेच ताठ. मला समोर उभं राहवेना. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि खण उघडला. एक तास चाळीस मिनिटं. शेवटी एसटी येते. बाई पिशवी उचलते, पायरीवर एक पाय ठेवते... आणि काढून घेते. एसटी जाते. ती पुन्हा बाकावर बसते, पिशवीतली भाकरी काढून सावकाश खाऊ लागते. संपला.

मी रडलो-बिडलो नाही. पण ती का चढली नाही, हे डोक्यातून जाईना. माहेरी कुणी उरलं नव्हतं म्हणून? की घरचं काही आठवलं? शेवटची दहा मिनिटं मी दोनदा पाहिली. फोन हातात घेतला, अप्पांचं नाव काढलं... इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांना खरोखर काही विचारायचं होतं.

मागच्या रविवारी अप्पांच्या घरी गेलो. अप्पांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, घरी नव्हत्या, आडतीच्या गोदामात सापडल्या. भिंतीवर चादर तशीच ताणलेली, तिची खालची टोकं तुरीच्या दोन पोत्यांखाली दाबलेली. मी त्यांना माझी चार वर्षांची चोरी सांगून टाकली. त्यांना काही नवल वाटलं नाही.

"तुम्ही बाहेर चहाला जायचात भाऊजी, आत मी न् हे असायचो," त्या म्हणाल्या. "शेवटी-शेवटी कितींदा आम्ही दोघंच."

मग मी विचारलं, फाट्यावरची ती बाई एसटीत का चढली नाही?

वहिनी चादरीकडे बघत राहिल्या. "यांना बी कळलं न्हवतं," म्हणाल्या. "मला वाटलं ते मी सांगितलं, यांना पटलं न्हाई. म्हणायचे, मास्तरांना एकदा बघू दे, मग त्यांनाच विचारतो."