आवडमास्तर

"कावून?"

समोरच्यानं काहीही उत्तर दिलं की मास्तर आधी हे विचारत. कावून म्हणजे का. चष्मा कपाळावर सरकवायचा, मान जराशी तिरकी करायची आणि विचारायचं. चहा नको म्हटलं तरी कावून, हवा म्हटलं तरी कावून. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल आणि तुम्ही त्याच्यापासून लांब बसत असाल. आम्हाला ती सोय नव्हती, कारण आमच्या नोकऱ्या त्यांच्याच टेबलावर ठरायच्या.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. जिकडे पाहावं तिकडे खड्डे, क्रेन आणि लाल धूळ. तिथल्या एका ठेकेदाराकडे आम्ही साठ मॅट्रिकवाले ट्रेनिंगला आलो होतो, निम्मेअधिक भंडारा-गोंदियाकडचे. कोणाला फिटर करायचं, कोणाला वेल्डर, कोणाला वायरमन, हे ठरवायला एक छापील कागद होता. अमुक काम आवडेल का, हो की नाही, खूण करा. जो कशातच बसला नाही तो यार्डातल्या गँगमध्ये, म्हणजे घमेलं आणि फावडं. हे कागद भरून घ्यायचं काम मास्तरांचं. आधी ते गोंदियाकडे शाळेत शिकवायचे. पोरांनी त्यांचं नाव ठेवलं होतं आवडमास्तर.

कागद कुठल्या तरी परक्या मुलखातून उचललेला असावा. ‘बर्फावरून घसरायला आवडेल का?’ ‘पियानो दुरुस्त करायला आवडेल का?’ एकोणसाठ जणांनी झाडून सगळ्याला हो केलं. मास्तरांनी गठ्ठा चाळला आणि कपाळाला हात लावला. मग एकेकाला पुढ्यात घेतलं. माझ्या आधीचा माझाच खोलीसोबती होता.

"का गा, पियानो आवडते तुले?"

"हो जी."

"पाह्यला काय कधी?"

"नाही जी."

"मंग आवडते कावून?"

"छापील कागद हाय जी. नाही कसं म्हणाव?"

मास्तर हसले नाहीत. "अरे बाबा, कोणी रागवत नाही. एखादं तरी नाही म्हणा," एवढंच म्हणाले, आणि त्याला कोरा कागद दिला. त्यानं तोही तसाच भरला.

साठावा मी. माझ्या कागदावर एक नाही होतं. ‘वाद्य वाजवायला आवडेल का?’ तिथे मी पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता.

मास्तरांनी माझे सगळे हो एकेक करून तपासले. वायरिंग, कावून? गवंडीकाम, कावून? मी काहीबाही सांगत गेलो. त्यांचं बोट त्या फाटक्या जागेवर आलं. वेळ मिळत नाही, सूर कळत नाही, अशी थाप मी तयार ठेवली होती. त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्या हाताकडे पाहिलं. माझी बोटं बाकावर ठेका धरून चालली होती, मला पत्ताच नव्हता. मी हात झटकन मांडीखाली घेतला. मास्तरांनी पान उलटलं. तिथे त्यांनी कावून विचारलं नाही.

तुम्हाला सांगायला आता हरकत नाही. माझे बाबा गावचे कोतवाल. दवंडी असो, पाटलाकडची वरात असो, बोलावणं आलं की ताटावरून उठून डफडं गळ्यात अडकवायचं आणि पुढे चालायचं. त्यांनी मलाही शिकवलं होतं. मला ते फार आवडायचं, अगदी जीव लागला होता. मग आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बाबांनी कोतवाली सोडली, डफडं फोडून चुलीत घातलं आणि म्हणाले, "आता कोणी बलावलं तरी वाजवाले जायचं नाही." मला त्यांचा अभिमान वाटला, आजही वाटतो. म्हणून कागदावर नाही.

कागदाच्या तळाशी आणखी एक रकाना होता, वडिलांचा धंदा. मी मजुरी लिहिलं होतं, कोतवाली सुटल्यापासून बाबा तीच करत होते. शेवटची सही ठेकेदाराच्या साहेबांची, आणि ते आधी तो रकाना वाचत. "बाप जो करता है, बेटा वही जल्दी सीखता है," हे त्यांचं तत्त्वज्ञान. मजुराचा पोरगा सरळ यार्डात. मॅट्रिक होऊन फावडं हाती घ्यायचं तर गाव काय वाईट होतं?

मास्तरांचा यावर एक उपाय होता. साहेबांकडे गठ्ठा जाण्याआधी ते त्या रकान्यावर कागदाची पट्टी चिकटवत. डिंक ऑफिसातून मिळेना, म्हणून घरून कणकेची खळ आणत. त्यामुळे फायलींना मुंग्या लागत. "मास्टरजी, इस दफ्तर में चींटियाँ बहुत हैं," साहेब म्हणत. "हां साब, बहुत हैं," मास्तर म्हणत.

माझी पट्टी मात्र साहेबांनी नखानं खरवडली. "यार्ड," ते म्हणाले. मास्तरांनी दोन दिवस मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी ते मला जवळच्या मरोदा गावच्या पंपहाउसमध्ये घेऊन गेले. तीन पंप धडधडत होते. तिथल्या मिस्त्रीची लोखंडी सळई त्यांनी माझ्या हातात दिली. एक टोक पंपाला, दुसरं कानाशी. "आयक," म्हणाले, "अन् सांग."

मी तिन्ही ऐकले. "मंधातला चुकते जी. चौथा ठोका मांगं पडते."

मिस्त्री म्हणाला, अजून तरी काही बिघाड दिसत नाही. तरी त्यानं पंप उघडला. बेअरिंगमधली एक गोळी तडकलेली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "ये लड़का मेरे को दे दो."

मास्तरांनी कागदावर शेरा मारला, ‘कान तयार आहे’. मिस्त्रीनंच हट्ट धरल्यावर साहेबांचा नाइलाज झाला. मी फिटर झालो आणि उभा जन्म मशिनी ऐकत काढला. त्या शेऱ्यात वाद्याचा उल्लेख नव्हता.

दोन-तीन वर्षांत तो कागदच बंद झाला. आता परीक्षेच्या मार्कांवर ट्रेड ठरू लागले. मास्तरांना परत शाळेवर जायचं होतं. मी भिलाईजवळच रिसालीला त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांच्या घरच्या बाई पोत्यात भांडी भरत होत्या. मी बसलो, उठलो, परत बसलो.

"मास्तर, कागदावर म्या एक खोटं लिवलं होतं."

"मले मालूम हाय," ते म्हणाले.

मी वाट पाहत राहिलो, आता तरी विचारतील म्हणून. विचारलं नाही. मग मीच सगळं सांगितलं, बाबा, पाटील, चुलीत घातलेलं डफडं. त्याआधी कोणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांनी चहा खाली ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकलं. धीर धर म्हणाले नाहीत, बरं झालं म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते गेले. पुढे एकदा पोस्टकार्ड आलं, मग तेही नाही. ते वारल्याचं मला वर्षभरानं, ड्युटीवर, दुसऱ्याकडून कळलं. त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही.

पण रिसालीच्या त्या दुपारी बोलणं संपल्यावर मी लगेच निघालो नव्हतो. समोर सामानाचा लाकडी खोका होता, अजून रिकामा. मी तो पुढ्यात ओढला आणि वाजवायला लागलो. आधी हळू, मग मोकळ्या हातानं. बाई भांडी सोडून दारात येऊन उभ्या राहिल्या. मास्तर डोळे मिटून बसले होते. मला कोणी वाजव म्हटलं नव्हतं.