काळ्या खिडकीपुढच्या मॅडम

आमच्या ग्राफिक्सच्या मॅडमना लाज लपवता येत नसे. आधी कान लाल व्हायचे, मग मान. मागच्या बाकांवरच्या पोरांना हे ठाऊक होतं. मुद्दाम काहीतरी अवघड विचारायचं आणि कानांकडे बघत बसायचं, हा त्यांचा खेळ. मॅडमना तो कळायचा. तरी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या पूर्ण द्यायच्या, लाल कानांनिशी.

मॅडम मूळच्या देगलूरच्या. बोलता बोलता मध्येच 'अय्यो' यायचं. नांदेडच्या आमच्या कॉलेजात त्या तासिकेवर शिकवायच्या, म्हणजे नेमणूक कायमची नाही, दर वेळी नव्यानं. वर्षानुवर्षं त्यांनी जुन्या निळ्या पडद्यावर ग्राफिक्स शिकवलं होतं. एक बटण दाबलं की वर्तुळ हजर. "मशीनला भ्यायचं न्हाई, तीच आपल्याला भिऊन राहिलीय," असं त्या म्हणायच्या.

त्या वर्षी लॅबमधली मशिनं बदलली. निळा पडदा गेला आणि काळी खिडकी आली. आता कमांड हातानं टाइप करायची, प्रोग्राम कंपाइल करायचा आणि ग्राफिक्सची लायब्ररी, म्हणजे चित्रं काढायचा तयार कोड, त्याला जोडून घ्यायची. पहिल्या प्रॅक्टिकलला मॅडमनी त्रिकोण काढायचा साधा प्रोग्राम लिहिला, कमांड दिली, एंटर दाबलं. पडद्यावर चुकांच्या ओळीच ओळी आल्या : अनडिफाइन्ड रेफरन्स, अनडिफाइन्ड रेफरन्स; म्हणजे प्रोग्राम जे मागतोय ते सापडत नाही. त्यांनी कंस तपासले, सेमीकोलन तपासले. पुन्हा एंटर. पुन्हा त्याच ओळी.

"मॅडम, आमचा तास वाया चाललाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"बघून राहिले ना, थांबा."

शेवटी त्या आमच्याकडे वळल्या. "पोरांनो, मला हे येत न्हाई. शिकून सांगते."

मागे हशा पिकला. माझी मान खाली गेली. मी हिमायतनगरहून आलेली, वर्गात कुणाला माझं नावही नीट ठाऊक नव्हतं. माझ्या पडद्यावरही त्याच ओळी आल्या होत्या आणि ती खिडकी मी केव्हाच मिटवून टाकली होती. हसणं त्यांच्यावर होतं, पण चटका मला बसला.

तास सुटल्यावर त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. "तुझं चाललं का गं?"

मी नकारार्थी मान हलवली.

"तुलाबी न्हाई येत? बरं झालं. दोघी बसू."

बसलो. बरंच चुकलो. लायब्ररीचं नाव आम्ही कमांडमध्ये फाइलच्या आधी लिहीत होतो. ते शेवटी टाकलं, तेव्हा एकही ओळ न उमटता कमांड पुरी झाली. चालवून बघितलं तर छोट्या चौकटीत तांबडा त्रिकोण! "अय्यो! अगं, प्रोग्रामनं आधी मागायला पायजे, मग लायब्ररी देणार. मागायच्या आधीच कोण देतंय?" मॅडम लहान पोरीसारख्या हसत होत्या.

पुढच्या तासाला त्यांनी सगळ्या वर्गाला ते दाखवलं. "हे आम्हा दोघींना सापडलं," म्हणाल्या आणि माझं नाव घेतलं. मला कुठं बघावं कळेना.

पण तोवर तक्रार वर गेली होती. विभागप्रमुख लॅबच्या दारात आले आणि आमच्या देखत म्हणाले, "येत नसेल तर वर्गावर कशाला येता, मॅडम?"

"आता येतंय, सर."

ते ऐकायला थांबले नाहीत.

पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात मॅडमचं नाव नव्हतं.

त्यानंतर त्या भेटल्या नांदेडच्या बसस्टँडवर, लातूरच्या गाडीपाशी. दोन मोठ्या पिशव्या आणि दोरीनं बांधलेली गादीची वळकटी. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "लातूरला बहिणीकडं चालले गं, चार दिवस. मग येतेच."

वळकटीवरची नजर मी झटकन काढून घेतली. भर वर्गात 'येत न्हाई' म्हणणाऱ्या बाईंना एवढं एक माझ्याशी बोलवत नव्हतं.

"लवकर या, मॅडम," मी म्हणाले.

"हाव, हाव."

त्या गाडीत चढल्या. वळकटी मीच वर दिली.