न चोळणारे चाचा

आमच्या तालमीतले मालिशवाले चाचा ज्या कामासाठी ठेवले होते, तेच करायला निम्म्या वेळा नकार देत. दिवसभर ते भांड्यांना कल्हई करत आणि संध्याकाळी पैलवानांची दुखणी बघत. कुणी लंगडत आला की आधी दोन बोटांनी चाचपत. नुसतं अंग आखडलं असेल तर तासभर मळून काढत. आत काही तुटलंय असं वाटलं, की तेलाची वाटी बाजूला सारून म्हणत, "आज न्हाय. आत रगत सांडलंय. चोळलं तर आणखी फाटंल." आम्हाला याचा भारी राग येई. दुखलं की रगडायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.

एकदा सरावात जोडीदारानं माझा पाय धरून वर उचलला. मी तो सगळ्या ताकदीनं खाली दाबत होतो, तेवढ्यात मांडीच्या मागं कट्‌कन आवाज झाला. चाचांनी ओल्या फडक्यानं मांडी बांधली. "नुसत्या जोरानं तुटत न्हाय लेका," ते म्हणाले. "तू आवळून धरलेलं असताना दुसऱ्यानं ताणलं, की तुटतं. महिनाभर आखाड्यात उतरायचं न्हाय."

पण वस्तादांनी कोडोलीच्या जत्रेत माझी कुस्ती लावली होती आणि जत्रा आठ दिवसांवर आली होती. "आमच्या येळंला असली थेरं नव्हती," म्हणत त्यांनी दोन दांडगे गडी बोलावले. त्यांनी कढत तेल ओतून मांडी रगडली, वर उभं राहून तुडवली. मी दात-ओठ खात पडून राहिलो. अडाणीपणाला मर्दानगी म्हणायची आमची ही खोड आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

कोडोलीत दुसऱ्याच मिनिटाला मांडी पुन्हा गेली. पुढं तिथं दगडासारखी गाठ धरली आणि माझी कुस्ती कायमची सुटली.

खापर फुटलं ते चाचांवर. वस्ताद सगळ्यांदेखत म्हणाले, "चाचा, तुम्ही येळंला हात लावला असता तर पोरगं वाचलं असतं. उद्यापास्नं येऊ नगा."

"मांडी कुणी तुडवली, ते ह्या पोरालाच इचारा की," चाचा म्हणाले.

सगळी तालीम माझ्याकडं बघू लागली. मी मान खाली घातली. चाचा पायताण घालून निघून गेले.

वस्तादांना मी जन्मभर शिव्या घातल्या. पण त्या दिवशी ते नुसते बोलले होते. चाचांना घालवलं ते माझ्या गप्प बसण्यानं.