दादाच्या बेंजोसाठी केलेलं पेडल

पन्नाशीला टेकलेल्या माणसाने हातात सोल्डरिंग आयर्न घेऊ नये, असा नियम आमच्या घरात नव्हता. माझ्या उद्योगानंतर तो बायकोने केला.

महाडात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण कापडे गावी राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाला अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा उजवा हात निम्मा गेला. दादा गावच्या बेंजो पार्टीतला बेंजोवाला. डाव्या हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या, उजव्याने तारा छेडायच्या. मिसरूड फुटल्यापासून शिमग्याच्या पालखीपुढे त्याचाच बेंजो. आता डाव्या बोटांत सगळ्या चाली शाबूत होत्या. उजव्याची मात्र एक छेड जोरात पडे आणि पुढच्या चार छेडा तारेला नुसत्या शिवून जात.

"यंदा पालखीफुडं वाजवनार," तो म्हणाला. "मग फुडचं फुडं."

गिटारवाल्यांकडे यावर पायाखाली ठेवायचं पेडल असतं. मोठा आवाज दाबतं, बारीक आवाज वर उचलतं. विकत मिळतं. पण भावासाठी ते स्वतःच्या हाताने करावं, असा नाटकी विचार माझ्या डोक्यात शिरला, आणि असे विचार तिसरा अंक झाल्याशिवाय बाहेर पडत नाहीत.

नवशिक्यांनी स्ट्रिपबोर्ड घ्यावा म्हणतात. भोकाभोकांची पाटी, खाली तांब्याच्या समांतर पट्ट्या. वीज जिथे जाऊ नये तिथे ड्रिलच्या टोकाने पट्टी तोडायची. खाचरात पाणी अडवायला बांध घालतात तसं. फक्त जोडणीचा नकाशा पाटीच्या वरून काढलेला असतो आणि तांबं खाली. पाटी उलटली की डावं उजवं होतं. मी सगळे बांध शेजाऱ्याच्या खाचरात घातले. बॅटरी जोडली आणि वास सुटला.

"काय करपलं?" बायकोने आतून विचारलं.

"विज्ञान."

"मग खिडकी उघडा."

दुसऱ्या वेळी नकाशा खिडकीच्या काचेवर धरून मागच्या बाजूने गिरवला, आणि पेडल चाललं. मी ते घेऊन गावी गेलो. पडवीत दादाने बेंजो मांडीवर घेतला, पायाने खटका दाबला आणि चाल धरली. आवाज असा भरून आला की वहिनी भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली. मी कमरेत वाकून प्रेक्षकांना नमस्कार केला.

दादा मात्र हळू होत गेला. बारीक ते सगळंच पेडल उचलत होतं. दोन छेडांच्या मध्ये हात थरथरे, तार छेडायची नखी तारेवर घासे, आणि ती घासणी सुरांइतकीच मोठी होऊन पडवीभर ऐकू येई.

"ही खरखर कसली रे?"

"माझा सोल्डर कच्चा राहिला असेल," मी म्हटलं.

त्याने तारांवर तळवा ठेवला. सगळं शांत. तळवा काढून नखी नुसती टेकवली. खरखर.

"तुजा सोल्डर पक्का हाय," तो म्हणाला. "ह्यो माजा हात हाय."

"ढोलाताशात यवडं कोन ऐकतंय?" वहिनी म्हणाली.

"मी ऐकतोय ना गो."

मी विचारलं, "पेडल काढू?"

"काढ."

पालखीच्या दिवशी दादाने बेंजो पट्ट्याने गळ्यात अडकवला, वायर सरळ हातगाडीवरच्या स्पीकरला जोडली. ढोलाखाली त्याचं काहीच ऐकू येत नव्हतं. नाचणारे नाचत होते. ढोलावर नाचता येतं. मी त्याच्याशेजारून चालत होतो. मधूनच एखादी छेड जोरात पडे, चालीतला एक सूर वर येई, आणि तेवढ्यावरून मी ओळखत होतो की आता ही चाल, आता ती. दादाची डावी बोटं कुठेही अडत नव्हती.

वरच्या आळीत सणाला मुंबईहून आलेला एक जण नाचता नाचता जवळ आला.

"काय दादा, यंदा बेंजो बंद काय?"

"हां," दादा म्हणाला, आणि पुढची चाल धरली.