पडद्यामागून पाहिलेला संत

मूकपट काढणाऱ्या एका दिग्दर्शकाला मी मुंबईत देव मानत होतो. आज हे लिहिताना तोंड कडू होतं, तरी लिहितो.

तेव्हा मी गिरगावातल्या एका छापखान्यात जुळारी होतो. शिशाचे खिळे हाताने जुळवायचे, आणि खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. मजकूर उलटा वाचण्यावरच माझं पोट चाले. काम सुटलं की आम्ही जुळारी मूकपटाला जायचो. दिवे मालवले की शेजारचा कोण जातीचा हे कुणी विचारत नसे. त्या दिग्दर्शकाच्या चित्रांवरून आम्ही हमरीतुमरीवर यायचो. माझी क्रमवारी पक्की होती: संताचं चित्र पहिलं, जुलमी राजाला नदीपार न्यायला नकार देणाऱ्या नावाड्याचं दुसरं, आणि उडत्या राक्षसाचं शेवटचं. संत एका अस्पृश्याला कवटाळतो तिथे मी दर वेळी रडलो. मूर्ख होतो.

पुढे नोकरी सोडून, विटाळाविरुद्ध स्वतः छापलेल्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी माझ्या गावी, महाडला परत आलो. भाताची झोडणी उरकली होती. त्याच सुमारास फिरत्या बायस्कोपचा तंबू आला आणि हीच तीन चित्रं लागली. महारवाड्यातल्या आम्हाला पडद्याच्या पाठीमागे बसवलं. पडदा पाण्याने भिजवला की चित्र मागूनही दिसतं. ते पाणी ओघळून आमच्या बुडाखाली चिखल होई. पुढे सतरंज्या होत्या.

चित्राच्या मधेमधे मजकुराच्या पाट्या येतात. त्या मोठ्याने वाचायला तंबूवाल्याने एक माणूस ठेवला होता, पण त्याचा घसा पार बसलेला. आमच्या बाजूला तर अक्षरं उलटी. ती मला सरळ अक्षरांसारखीच. मी आमच्या माणसांसाठी खड्या आवाजात वाचू लागलो. पाहतो तर पडद्यापलीकडची कुजबुज थांबलेली. सगळा तंबू माझं वाचन ऐकत होता!

मग ती पाटी आली. संत हात पसरतो आणि अस्पृश्य म्हणतो, "महाराज, मी पापी. दुरूनच नमस्कार करतो." मुंबईत हे माझ्या नजरेतून कसं निसटलं होतं कोण जाणे. त्या चिखलात बसून ते माझ्याच्याने वाचवेना. मी माझ्या पत्रकातलं वाक्य म्हटलं: "माझी सावली तुम्हाला विटाळते, मग मी झोडलेला भात तुम्हाला गोड कसा लागतो?"

पलीकडून हुंदके ऐकू आले. कुणीतरी टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या चहाच्या दुकानात तिन्ही चित्रांचा निकाल लागत होता. मी बाहेर रस्त्यावर, आमच्यासाठी वेगळी ठेवलेली फुटक्या कानाची कपबशी हातात धरून उभा. आत नाते गावाकडचे एक खोत, एका वकिलाचा कारकून आणि डोंगरातल्या कुडपणहून उतरलेला, मुंबईच्या गिरणीतला एक कामगार.

"राक्षसाचं पहिलं," कारकून म्हणाला. "अहो, माणूस उडवला त्यानं!"

"तारेनं उडवला. त्यात काय हाय?" गिरणीवाला म्हणाला.

"संताचंच पहिलं," खोतांनी मांडीवर थाप मारली. "ते भाताचं वाक्य! अंगावर काटा आला हो. असं लिहायला काळीज लागतं."

"पन खोतानू, ह्ये वाक्य मुंबईला नव्हतं," गिरणीवाला म्हणाला.

"तुला वाचता येतं का रे?" कारकुनाने विचारलं. त्याने बशी तोंडाला लावली.

"नव्हतंच," मी बाहेरून म्हणालो. "काल मागून मीच वाचत होतो. वाक्य माझं आहे. तुमच्या भज्यांखाली आहे बघा."

भजी मी बाजारात वाटलेल्या पत्रकावरच वाढली होती. खोतांनी भजी बाजूला सारून वाचलं. मग तेलकट बोट पुसत म्हणाले, "वाक्य बरोबर आहे. पण ते तू म्हणायचं कारण नाही. परवा पोलादपूरच्या खेळाला मी पाहुणे घेऊन येतोय. तिथं तूच वाच, आवाज चांगला आहे तुझा. पण मूळचं वाच. आणि मागूनच."

थू! संताने म्हटलं की काळीज, आणि मी म्हटलं की कारण नाही.

मी थेट तंबूवाल्याकडे गेलो. म्हणालो, "पोलादपूरला आमची माणसं पुढे बसतील तर वाचतो."

"अरे बाबा, खोत तंबू उपटायला लावतील!"

"मग मी आमच्यापुरतं वाचेन. हळू."

पोलादपूरला माझी मावशी आली होती. तिने बायस्कोप कधी पाहिला नव्हता. खेळ सुरू झाला आणि मी हलक्या आवाजात वाचू लागलो. माझ्याकडून मावशी, तिच्याकडून पलीकडची, असा मजकूर रांगेने जाई. पुढे चुळबुळ सुरू झाली.

"आवाज!"

"अरे, मोठ्यानं वाच की!"

वाचता येणारे पुढेही होते, पण ओरडून वाचणं त्यांच्या इभ्रतीला शोभत नव्हतं. मी आवाज चढवला नाही. तेव्हा पडद्याच्या कडेने एकेक जण आमच्या बाजूला येऊ लागला. आधी कुडपणचा गिरणीवाला. तो गुमान आमच्या शेजारी चिखलात बसला. खोटं का बोलू? वाटलं, आता पुढं-मागं उरत नाही.

त्याच्यामागून खोतांचे पाहुणे आले. बरोबरच्या गड्याने घोंगडी अंथरली आणि ते आम्हाला म्हणाले, "सरा रे मागं. जरा जागा द्या."

आमच्या मागे तंबूची कनात होती. आणखी मागे म्हणजे बाहेर.

पडद्यावर संत हात पसरत होता. पाहुण्यांपैकी एकाने उपरण्याने डोळे टिपले आणि त्याच हाताने मला पुन्हा खूण केली: सरक.

मी वाचायचा थांबलो.

"वाच की रे," गिरणीवाला हळूच म्हणाला.

मावशी उठली. लुगड्याचा चिखल झटकला. "चल रे पोरा. ह्यांचं ह्ये वाचतील."

ती उठली तशी आमची सगळी रांग उठली. गिरणीवाला बसूनच राहिला, मान खाली घालून. पाठीमागे यंत्राची घरघर चालू होती, आणि तंबूत एकही शब्द नव्हता.

वाटेत मावशीने विचारलं, "त्या संतानं फुडं काय केलं रे?"

"त्याला कवटाळलं."

"मंग?"

"मग आकाशातून फुलं पडली. संपलं."

"आन त्यो कवटाळलेला मानूस? त्याला घरात घेतला का नाय?"

मला आठवेना. मुंबईत इतक्यांदा पाहिलं, पण फुलं पडल्यावर त्याचं काय झालं हे मी कधी बघितलंच नव्हतं. कारण दिग्दर्शकाने ते दाखवलंच नव्हतं.

"नाही दाखवलं," मी म्हणालो.

"मंग कसला पयला नंबर लावतोस त्येला?" मावशी म्हणाली. "त्या नावाड्याचं सांग."