खाली बसण्याची चढाओढ

ख्रिस्ती पाळकाच्या घरात दुसरं काही साठो न साठो, किस्से साठतात. लोक दुखणं घेऊन येतात, भांडण घेऊन येतात, चहा पिऊन जातात आणि किस्सा तेवढा मागे ठेवतात. पन्नास सालानंतर आम्ही वऱ्हाडी मुलखातल्या मालेगावला होतो, तेव्हा आमची मंडळी दहा-बारा घरांची. यजमान पाळक, म्हणून मी आपोआप पाळकीणबाई. माझ्याकडे सगळ्यात जास्त साठले ते नम्रतेचे किस्से. नम्र माणसांनी मला जेवढा ताप दिला, तेवढा उर्मटांनी कधी दिला नाही. त्यांच्यापायी एकदा मंडळीतल्या राहेलचं लग्न मोडायला आलं होतं. ते कसं मार्गी लागलं हे आठवलं की अजून हायसं वाटतं.

*

सुरुवात आमच्या साहेबांनीच, म्हणजे यजमानांनीच केली. एका रविवारी त्यांनी उपदेश केला, "मेजवानीला गेलात तर शेवटच्या जागेवर बसा."

पुढच्या रविवारी उपासनेला पाहते तर सतरंजीचा पुढचा अर्धा भाग मोकळा आणि मागच्या भिंतीशी सगळी मंडळी एकमेकांच्या मांडीवर! उशिरा आलेल्यांना पुढे बसावं लागलं असतं, म्हणून ते ओसरीतच उभे राहिले. साहेबांनी मुकाट्याने आपलं मेज उचललं आणि मागच्या भिंतीशी नेऊन ठेवलं.

मंडळी उठली आणि समोरच्या भिंतीशी जाऊन बसली.

*

या शर्यतीत मंडळीचे दोघे पंच सगळ्यांच्या पुढे होते, दाविदभाऊ आणि शांतवनमामा. प्रार्थनेत मामा म्हणायचे, "प्रभू, मी एक किडा आहे." लगेच दाविदभाऊ म्हणायचे, "प्रभू, मी तर त्या किड्याच्या पायाखालची धूळ."

दाविदभाऊंची बायको मार्थाबाई दिवसभर वावरात राबणारी. ती एकदा माझ्या कानाशी लागली, "बाई, या धुळीले भाजीत मीठ कमी पडलेलं चालत नाई."

*

याच दोघांनी व्याही व्हायचं ठरवलं. दाविदभाऊंची राहेल आणि मामांचा लेक. लेक दूर रेल्वेत नोकरीला, सुट्टी मिळायची ती फक्त मे महिन्यात. साखरपुड्याला शेजारच्या करीमचाचा शिंप्यांनी दुकानातली खुर्ची आणून दिली. एकच होती.

"तुमी बसा, मामा."

"पोरीचे बाप तुमी. तुमी बसा."

चहा निवला तरी दोघे उभेच. मग मामांचा आवाज चढला, "मी बसलो तं लोक मले गर्विष्ठ म्हनतीन, हेच पायजे काय तुमाले?"

"मंग मले म्हनलं तं चालते काय?"

दोघे दोन दारांनी निघून गेले आणि बोलणंच बंद झालं. करीमचाचांनी खुर्ची खांद्यावर घेतली आणि मला हळूच विचारलं, "बाई, तुमच्यात खुर्चीवर बसनाऱ्याले पाप लागते काय?"

*

माणसं दोन्ही चांगली. सकाळी मामा आमच्याकडे आले, "चूक माही हाय. माफी मी मांगतो." मी देवाचे आभार मानले. संध्याकाळी दाविदभाऊ आले, "चूक माही हाय बाई. माफी मीच मांगीन."

"मग अडलं कुठं?" साहेबांनी विचारलं.

"तो आधी मांगन तं मोठेपना त्याले जाईन. पयले मीच मांगनार."

मामांचंही हेच म्हणणं. माफी मागायला दोघे तयार, ऐकून घ्यायला कोणी तयार नाही. एप्रिल लागला. राहेल माझ्या चुलीपाशी बसून रडली आणि मलाही रडू आलं. ही सुट्टी हुकली तर मुलगा वर्षभर यायचा नव्हता, आणि तिकडे त्याला दुसरी स्थळं सांगून येऊ लागली होती.

*

गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी साहेब दरवर्षी मंडळीचे पाय धूत, येशूने शिष्यांचे धुतले तसे. मधोमध करीमचाचांची खुर्ची, पुढे घंगाळ आणि पंचा. पण साहेबांना त्रास नको म्हणून जो तो घरूनच पाय घासून यायचा, त्यामुळे घंगाळातलं पाणी शेवटपर्यंत पिण्याजोगं राहायचं.

त्या वर्षी धुता धुता साहेबांची कंबर धरली. वाकलेले साहेब वर येईनात. एकीकडून दाविदभाऊ धावले, दुसरीकडून मामा. "तिकून धरा", "हळू, हळू", असं करत दोघांनी त्यांना भिंतीशी नेऊन निजवलं. साखरपुड्यानंतर प्रथमच एकमेकांशी बोलले. माझा जीव भांड्यात पडला.

पण काहींचे पाय धुवायचे अजून बाकी होते. दोघे एकदमच घंगाळाशी गुडघे टेकून बसले.

"तुमी खुर्चीवर बसा. मी धुतो."

"नाई, तुमी बसा."

खुर्ची रिकामी, दोघे जमिनीवर. मला तो निवलेला चहा आठवला.

तेवढ्यात मार्थाबाई आली. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून वावरातून थेट आलेली, पाय घोट्यांच्या वरपर्यंत काळ्या मातीने भरलेले. तिने नवऱ्याकडे पाहिलं, व्याह्याकडे पाहिलं, आणि खुर्चीत ऐसपैस बसली. दोन्ही पाय घंगाळात सोडले. पाणी काळंभोर झालं.

"पाय दोन हायेत," ती म्हणाली, "एकेक घ्या. अन् धुता धुता लग्नाची तारीख बोला."