धावपट्टीवर मांडलेली खुर्ची

मोकोबेलाच्या विमानतळाला विमानतळ म्हणायचं म्हणजे शेळीला म्हैस म्हणायचं, असं बाहेरचे म्हणतात. म्हणोत बापडे! आजोबांच्या काळात खाणवाल्यांनी गडी न्यायला ही मुरमाची पट्टी काढली. खाणवाले गेले, पट्टी राहिली. आता तिथं पत्र्याची एक खोली आहे, इंधनाची चार पिंपं, हातपंप, आणि वारा कळायला केनैल्वेनं जुन्या परकराची शिवलेली, काठीला बांधलेली पिशवी.

कागदोपत्री केनैल्वे झाडूवाली. पण एकतीस वर्षं वैमानिकांना रेडिओवरून वारा सांगणारी, गाढवं हाकणारी, इंधन गाळून देणारी तीच. दर बुधवारी डॉक्टरांचं विमान यायचं, त्या विमानानंच तिची सून पहिल्या बाळंतपणात वाचली होती. आता सुनेला पुन्हा सातवा लागलेला, आणि राजधानीतून निरोप आला: तपासनीस येताहेत. पट्टीवर जबाबदार माणूस दिसला नाही तर पट्टी बंद. केनैल्वेची झोपच उडाली.

गावाला मात्र चेव चढला. पाहुण्याला कडेला उभं राहून भेटायची मोकोबेलात रीत नाही. गावचे प्रमुख, म्हणजे आमचे कोसी, मोलेफे यांनी बरोब्बर धावपट्टीच्या मधोमध खुर्ची मांडली आणि ठाण मांडून बसले. मागे बायका गाणी म्हणत उभ्या.

तेवढ्यात विमानाची घरघर आली. केनैल्वे हातात रेडिओ घेऊन धावत सुटली.

"कोसी, उठा! विमान इथंच टेकणार!"

"त्याला म्हणावं, जरा पुढं टेक."

"अहो, ते काय गाढव आहे, हटकलं की थांबायला?"

"म्मा केनैल्वे, कोसीला ऊठ म्हणणारं माणूस अजून जन्मायचंय."

बायका गाणं सोडून आभाळाकडे बघू लागल्या. कोसीपुढं बोलायची कोणाची टाप होती? रेडिओ खरखरला, "उतरतोय."

"उतरू नका! वरच घिरट्या घाला. पट्टीवर अडथळा आहे."

"गुरं का?"

"गुरं असती तर केव्हाच हाकलली असती. आमचे कोसी आहेत!"

तिनं पदर... छे, पदर कुठला, डोक्याचा रुमाल करकचून बांधला. "बघताय काय गं? धरा एकेक पाय!" चौघींनी कोसींना खुर्चीसकट उचललं आणि काटेरी बाभळीखाली नेऊन ठेवलं. कोसी वाटभर ओरडत होते. त्यांच्या बापाच्या बापालाही कुणी असं हलवलं नव्हतं.

विमान उतरलं. तपासनीस त्शेको यांनी घाम पुसला, वही उघडली. "इथं जबाबदार कोण? हुकूम कुणाचा चालतो?"

सगळ्यांच्या माना बाभळीकडे वळल्या. केनैल्वेला वाटलं, आता हा म्हातारा उट्टं काढणार, सुनेचं कसं होणार?

कोसींनी वाकडी झालेली टोपी सरळ केली.

"माझं नाव लिहू नका," ते फणकारले. "मला खुर्चीसकट उचललं हिनं. हिचंच लिहा."